वर्दी देऊन भरलेलं पाणी

विठोजीराव साळुंके यांच्या घराण्यात एक नियम आहे. कुणाच्याही दारात न सांगता उभं राहायचं नाही. घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आलं, असं ते सांगतात. तेव्हापासून घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडण दोन्हीत, अशी व्यवस्था चालू आहे. "आमचे पूर्वज गावात शिरायच्या आधी वर्दी पाठवत होते," असं विठोजीराव छाती काढून सांगत. फौजेला ही सवय कितपत मानवली असेल, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. नोकरीत मात्र ती फार उपयोगी पडली. फक्त त्यांना स्वतःला नाही.

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची पाणी तपासायची लॅब आहे. मी आत यंत्रांपाशी बसतो. विठोजीराव बाहेर जाऊन पाणी घेऊन येत. हुद्दा सॅम्पलर, शिक्षण बारावी, वय साठ. अठ्ठावन्नला निवृत्त झाल्यावर त्यांना वर्षावर्षाच्या करारावर ठेवलं होतं, कारण त्यांच्यासारखी बाटली भरणारा दुसरा माणूस नव्हता. त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, प्रवाहाकडे तोंड करून भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, लेबल लावून बर्फाच्या पेटीत ठेवायची. देवपूजा करणाऱ्या माणसाचं लक्ष कधीतरी इकडेतिकडे जातं. विठोजीरावांचं बाटली भरताना कधी गेलं नाही.

त्यांच्याकडे अकरा वर्षं एक ओढा होता, निंबेहळ्ळा. शहराच्या दक्षिणेच्या टेकड्यांत उगम पावणारा, पुढे अर्कावतीला आणि तिच्यातून कावेरीला मिळणारा. मधे त्याच्या काठावर अमरशिला ग्रॅनाइट्सची खाण. तिथे डोंगर तारेच्या करवतीनं कापतात. कापताना पाणी सोडावं लागतं आणि त्या पाण्यात दगडाचं पीठ मिसळून पांढरी राड होते. ही राड टाकीत साठवायची, निवळून द्यायची आणि वरचं स्वच्छ पाणी ओढ्यात सोडायचं, असं परवान्यात लिहिलेलं आहे. दर महिन्याला तीन ठिकाणचं पाणी तपासायचं. एक नंबर खाणीच्या वर, आनेमडू नावाच्या डोहात. दोन नंबर खाणीच्या आत, नळाच्या तोंडाशी. तीन नंबर दोन किलोमीटर खाली, करंजाच्या झाडापाशी.

खाणीचा नियम असा की, गाडी आत यायची तर गेटपाससाठी आदल्या दिवशी ईमेल पाठवायचा. तो आमच्या ऑफिसातून जाई. पण घराण्याची रीत ईमेलवर भागत नाही. विठोजीराव वरून स्वतः फोन करत.

"शिवकुमारण्णा, उद्या येऊ का?"

शिवकुमार हे खाणीचे मॅनेजर. ते म्हणत, "या की रावरे. तुमचंच घर आहे. फक्त आधी सांगत जा."

"न सांगता कसा येईन?"

अशी दोघा सज्जनांची अकरा वर्षं गेली. पाण्यातल्या गाळाची मर्यादा लिटरला शंभर मिलिग्रॅम आहे. अमरशिलेचा आकडा यायचा बारा, चौदा, कधी अकरा. कागदावर त्या ओढ्याचं पाणी आमच्या ऑफिसातल्या फिल्टरच्या पाण्याहून स्वच्छ होतं. मी एकदा दोन्ही तपासून पाहिली. खरोखरच होतं.

विठोजीरावांचं जेवण तीन नंबरच्या करंजाखाली व्हायचं. बाटल्या पेटीत गेल्या की ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय पाण्यात सोडत आणि डबा उघडत. भाकरीचा चुरा पाण्यात पडला की मासे येत. बोटाएवढे, मातकट रंगाचे, डोक्याखाली चकतीसारखं तोंड असलेले. पूर कितीही आला तरी हे दगडाला चिकटून राहतात, वाहून जात नाहीत. विठोजीरावांच्या घरात त्यांना कल्लमीन म्हणत, म्हणजे दगडी मासा. शास्त्रात ह्या कुळाचं नाव गरा. ह्याच कुळातल्या परदेशी चुलतभावांना शहरातल्या मॉलमध्ये नोकरी आहे. काचेच्या टाकीत राहून ते गिऱ्हाइकांच्या टाचांची मेलेली कातडी खातात, आणि गिऱ्हाईक त्यासाठी रांग लावतं. इथला कल्लमीन मात्र ओढ्यात फुकट राहत होता, त्यामुळे त्याची किंमत कुणाला कळली नव्हती.

विठोजीराव ते मासे मोजत. आमच्या फॉर्मवर शेवटी 'शेरा' नावाचा रकाना आहे. तिथे पावसाचे ढग होते, बाटलीचं झाकण सैल होतं, असलं काहीतरी लिहायचं असतं. बहुतेक सॅम्पलर तो रिकामा ठेवतात, कारण तो कुणी वाचत नाही. विठोजीराव सुंदर वळणदार अक्षरात लिहीत: 'कल्लमीन, सुमारे साठ. भाकरी खाल्ली.' दोनेक वर्षांनी एक्केचाळीस. मग सव्वीस. मग नऊ. चौकशी करायला हवी असा हा उतार होता. विठोजीरावांनी चौकशी केली. घरी.

"अगं, रागीच्या भाकरीला मासे येईनात बघ."

त्यांची पत्नी सोयराबाई जे. पी. नगरात सगळ्या गल्लीला सोयराक्का म्हणून माहीत आहेत. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "चाळीस वर्षं तुम्ही नावं ठेवलीत, ते ऐकलं. आता मासेपण ठेवायला लागले."

तरी त्यांनी ज्वारी सुरू केली. मासे सहावर आले. ज्वारीत थोडं तांदळाचं पीठ घालून पाहिलं. चार. पुढे त्यांनी तीळ लावले. जगात कुठल्याही नदीतले मासे वाचवण्याचे उपाय होत असतील, पण भाकरीची कृती बदलत राहण्याचा उपाय साळुंक्यांच्या घरातच झाला. अपराधी सापडत नसेल तर घरातल्या बाईच्या हाताला धरायचं, ही पद्धत मात्र सगळीकडची आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एकही मासा आला नाही. विठोजीराव अर्धा तास पाय पाण्यात सोडून बसले, मग न जेवताच उठले आणि त्या नादात डबा करंजाखाली विसरले. डबा लग्नातला होता, तीन कप्प्यांचा, झाकणावर सोयराबाईंच्या माहेरचं नाव कोरलेलं.

"उद्या घेऊन या," सोयराबाई म्हणाल्या. "तोवर केळीच्या पानावर जेवा."

"उद्या गाडी नाही. गेटपास नाही. शिवकुमारण्णांना सांगितलेलं नाही."

"डबा आपला. आपल्या डब्याला भेटायला कुणाला विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसनं निघाले, गावाच्या फाट्यावर उतरले आणि खाणीचं गेट टाळून शेतांच्या बांधावरून चालत करंजापाशी पोचले. डबा जागेवर होता. ओढा नव्हता. म्हणजे ओढ्याच्या पात्रातून काहीतरी वाहत होतं, पण ते इडलीच्या पिठासारखं पांढरं आणि दाट होतं. दगडांवर त्याचा थर चढला होता. ज्या दगडांवरचं शेवाळ खरवडून कल्लमीन जगतो, ते दगड चुना फासल्यासारखे दिसत होते.

मग त्यांना आदल्या दिवशीचं आठवलं. आदल्या दिवशी पाणी काचेसारखं होतं, आणि खाणीतल्या करवती बंद होत्या. अकरा वर्षं ते गेले की करवती बंदच असायच्या. त्यांना वाटायचं, पाहुणा आला म्हणून आवाज बंद करतात. केवढी माणुसकी.

त्यांनी डब्याचा वरचा कप्पा त्याच पाण्यानं तीनदा विसळला, प्रवाहाकडे तोंड करून भरला, झाकण लावलं आणि तिथून थेट लॅबला आले.

आमचे मॅनेजर दयानंद हे निपाणीकडचे. मराठी, कन्नड दोन्ही सारखीच घट्ट, आणि अंगात एक प्रकारचं शहाणपण, ज्याला इतर गावांत भित्रेपणा म्हणतात. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"मामा, हे काय आणलासा?"

"तीन नंबर."

"तीन नंबर काल झालाय की. बारा आलाय."

"काल मी फोन करून गेलो होतो. आज नाही."

"मग आजचं हे सॅम्पल नव्हे. शेड्यूल नाही, बाटली नाही, बर्फ नाही. हा डबा आहे, मामा. डब्याला आपल्याकडं मान्यता न्हाई."

तरी मी ते तपासलं. आकडा आला तीन हजार आठशे साठ. दयानंदांनी आकडा बघितला, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "हे आपल्या तिघांत," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात विठोजीरावांनी फोन केला नाही. नोकरीतला हा त्यांचा पहिला उद्धटपणा. पण ऑफिसचा ईमेल नेहमीप्रमाणे गेलाच होता, त्यामुळे पाणी नेहमीप्रमाणे स्वच्छ होतं. वर गेटवर शिवकुमार स्वतः उभे होते. "रावरे, रागावलात का? फोन नाही केला. म्हटलं, तब्येत बरी नाही की काय." विठोजीरावांना भयंकर लाज वाटली. कुणाची, ते त्यांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या दिवशी त्यांनी जेवण वरच्या आनेमडूपाशी केलं. डोह खाणीच्या वर असल्यामुळे तिथे राड पोचत नव्हती. पाय पाण्यात सोडताच मासे आले. मोजता येईनात इतके. निंबेहळ्ळ्याचे उरलेसुरले कल्लमीन त्या एका डोहात होते. विठोजीरावांनी शेऱ्यात 'पुष्कळ' असं लिहिलं. आकड्याऐवजी विशेषण लिहिण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

आणि पंधरा दिवसांत अमरशिलेनं खाण वाढवायचा अर्ज केला. अकरा एकर जास्त. दगडाचा टाकाऊ भाग ठेवायला जागा हवी होती, ती नकाशावर गुलाबी रंगानं दाखवली होती. गुलाबी रंगाच्या मधोमध आनेमडू होता. वीस-बावीस फूट खोल खड्डा आयताच मिळत असेल, तर कोण नवा खणेल?

अशा कामासाठी जनसुनावणी घ्यावी लागते, आणि तिच्यासाठी अहवाल. अहवाल महादेवपुऱ्यातल्या एका सल्लागार कंपनीनं केला होता. तिथला ऋतुराज हा पुण्याचा मुलगा, पर्यावरणाचा एम. टेक., बेंगळुरात येऊन दोन वर्षं झालेली. हुशार होता. त्याच्यावर एका महिन्यात सात अहवाल होते, आणि हुशार माणूस अशा वेळी जे करतो ते त्यानं केलं. आधीचा अहवाल उघडला, नाव बदललं आणि पुढे गेला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दयानंदांनी विठोजीरावांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नव्या वर्षाचा करार होता, सही व्हायची होती.

"मामा, उद्या तुमाला दोनच वाक्यं बोलायची आहेत. अकरा वर्षं मी पाणी घेतो. एकदाबी मर्यादा ओलांडली नाही. आन् खाली बसा."

"दोन्ही खरी आहेत," विठोजीराव म्हणाले.

"तर मग. खोटं बोला म्हणतोय का मी? सुनावणीवरनं आल्यावर सही करू."

घरी त्यांनी सोयराबाईंना हे सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"चोराला विचारून चोर धरायला जात होतात अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि मी इकडे तीळ लावत बसले."

"तो डोह गेला की संपलं, सोयरा. तिथं आहेत तेवढेच."

"मग नोकरी?"

"ती पण आहे तेवढीच."

सोयराबाईंनी मेथीची जुडी उलटी केली. "निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तुम्हाला. सरी, बरं, एकदा व्हा की मग."

सुनावणी गावच्या कल्याण मंटपात होती, जिथे एरवी लग्नं लागतात. मांडव कालच्या लग्नाचा तसाच होता, फक्त वधूवरांच्या खुर्च्यांवर सरकारी अधिकारी उपेंद्र आणि त्यांचा लेखनिक बसले होते. पंगतीची सोय खाणीतर्फे होती. बिसिबेळे भात आणि म्हैसूरपाक, त्यामुळे दोनशे माणसं आली होती. लॅबतर्फे दयानंद आणि मी बसलो होतो. सगळं बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं. एकानं धुळीची तक्रार केली, एकानं मुलाला नोकरी मागितली, एकानं दोन्ही केलं. शिवकुमारांनी सगळ्यांना हात जोडले. मग ते म्हणाले, "आमच्या पाण्याबद्दल आम्ही बोलणार नाही. अकरा वर्षं जे पाणी नेतात, ते साळुंके रावच सांगतील."

विठोजीराव उठले. काखेत जाडजूड फाइल होती. दयानंदांना वाटलं, नोकरीचे दाखले आणलेत.

"अकरा वर्षं मी पाणी घेतो," ते म्हणाले. "एकदाही मर्यादा ओलांडली नाही."

दयानंदांनी सुस्कारा सोडला. विठोजीराव खाली बसले नाहीत.

"कारण मी प्रत्येक वेळी आदल्या दिवशी फोन करून गेलो."

उपेंद्रांनी मान वर केली. "फोन कशाला?"

"कुणाच्या दारात न सांगता जाऊ नये, म्हणून."

मागच्या रांगेत हशा पिकला. विठोजीराव थांबले, हशा संपू दिला, आणि मग डब्याची गोष्ट तारखेसकट सांगितली. आकडा सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दयानंदांनी आपला हात खिशावर ठेवला, जणू घडी घातलेला कागद उडून जाईल.

शिवकुमार उठले. आवाज अजूनही गोड होता. "रावरे, तुम्ही आमच्या घरचे. पण डब्यात आणलेल्या पाण्यावर खाण कशी बंद करायची?"

"डबा राहू दे," विठोजीराव म्हणाले आणि शेऱ्यांच्या नकलांची फाइल उघडली. "तीन नंबरचे मासे. अकरा वर्षांपूर्वी साठ. मग एक्केचाळीस, सव्वीस, नऊ, सहा, चार. गेल्या फेब्रुवारीत एकही नाही. आता जे आहेत ते आनेमडूत. तो बुजवला की निंबेहळ्ळ्यात कल्लमीन राहत नाही."

"कसे मोजलेत?" उपेंद्रांनी विचारलं.

"भाकरी टाकून."

आता सगळा मंटप हसला. शिवकुमारांनी ऋतुराजला पुढे केलं. तो लॅपटॉप घेऊन उभा राहिला. "सर, ॲक्च्युअली भाकरी ही मान्य पद्धत नाहीये," तो इंग्रजीत म्हणाला, आणि मग मराठीत विठोजीरावांना, समजुतीच्या सुरात, "काका, कसंय ना, डेटाला एक प्रोटोकॉल लागतो."

"लागतोच," विठोजीराव म्हणाले. "तुम्ही कसे मोजले, बाळ?"

"प्रत्यक्ष पाहणी आणि स्थानिक मच्छीमारांच्या मुलाखती. चॅप्टर चारमध्ये आहे."

"हो, वाचला. पान एकशे बारा." विठोजीरावांनी चष्मा लावला आणि अहवालाच्या कन्नड प्रतीतली यादी मोठ्यानं वाचली. "निंबेहळ्ळ्यातले मासे. पापलेट. बांगडा. सुरमई. टायगर कोळंबी."

ऋतुराजनं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग स्क्रीन स्वतःच्या तोंडासमोर जास्तच जवळ आणला. त्याचा आधीचा अहवाल पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराचा होता. नाव बदलायला तो विसरला नव्हता. मासे बदलायला विसरला होता.

बायकांच्या बाजूनं धनलक्ष्मी उठल्या. गावच्या आठवडी बाजारात मासळी विकणाऱ्या त्या एकट्याच. "साहेब, मीच इथली मच्छीमार. माझी मुलाखत कुणी घेतलेली नाही. आणि ह्या ओढ्यात पापलेट मिळत असेल, तर मी पहाटे मंगळूरहून येणाऱ्या बर्फाच्या गाडीची वाट बघत का उभी राहते, ते तरी कुणी सांगा."

"टायपिंगची चूक आहे," शिवकुमार म्हणाले.

"सुरमई टायपिंगमध्ये येते होय," धनलक्ष्मी म्हणाल्या. "आमच्याकडं गाडीत येते."

विठोजीरावांनी पान उलटलं. "खाली एक वाक्य आहे. 'प्रकल्पामुळे वरील प्रजातींवर कोणताही परिणाम होणार नाही.' हे मात्र बरोबर आहे, साहेब. अख्ख्या अहवालात हेच बरोबर आहे."

उपेंद्रांनी शेऱ्यांची फाइल आणि अहवाल दोन्ही पुढे ओढले. त्यांची अडचण खरी होती. एका बाजूला जे मासे होते त्यांना मान्यता नव्हती. दुसऱ्या बाजूला ज्यांना मान्यता होती ते मासे ओढ्यात नव्हते. सरकारी माणूस अशा वेळी जेवायला उठतो. तेही उठले. म्हैसूरपाक मात्र त्यांनी घेतला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

निकाल दीड महिन्यानं आला. अहवाल फेटाळला. चारही ऋतूंचा नवा अभ्यास करायचा, तोवर आनेमडूला हात लावायचा नाही. खाणीचं पाणी यापुढे न सांगता, कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी घ्यायचं. गेटपासची अट रद्द. इथवर वाचून मी लॅबमध्ये टाळी वाजवणार होतो. पण आदेशाला पाचवा मुद्दा होता. सॅम्पलर श्री. साळुंके यांनी पूर्वसूचना देऊन पाणी घेतल्याचं स्वतः कबूल केल्यामुळे त्यांनी एकशे बत्तीस फेऱ्यांत भरलेली सगळी सॅम्पलं अग्राह्य ठरवण्यात येत आहेत, आणि त्यांना हे काम यापुढे देऊ नये.

ऑफिसच्या ईमेलबद्दल, तो पाठवायला सांगणाऱ्या नियमाबद्दल, फोन घेऊन करवती बंद करणाऱ्या माणसाबद्दल आदेशात अक्षर नव्हतं. अकरा वर्षं दोघांचं संभाषण झालं होतं. त्यातलं एकाचंच ऐकू आलं होतं.

विठोजीरावांनी आदेश घरी वाचून दाखवला.

"म्हणजे मासे सुटले आणि तुम्ही अडकलात," सोयराबाई म्हणाल्या.

"खोटं काय लिहिलंय त्यात? फोन मीच करत होतो."

"तेच म्हणते. चारशे वर्षांत घराण्यातल्या कुणाचं नाव सरकारी कागदावर आलं नव्हतं. आलं ते असं."

दयानंदांनी निरोप समारंभ केला. शाल, नारळ आणि 'अकरा वर्षांच्या अचूक सेवेबद्दल' असं छापलेलं मानपत्र. करारावर सही झालीच नव्हती, त्यामुळे ते आदेशाच्या आधीच छापून झालं होतं, फुकट का घालवायचं? मानपत्र देताना दयानंदांना विठोजीरावांच्या डोळ्यांत बघता आलं नाही. "मामा, मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "सरी अण्णा," विठोजीराव म्हणाले. त्यांनी मनावर घेतलं होतं, हे शाल त्यांनी टेबलावरच ठेवली त्यावरून कळलं.

त्यांच्या जागी आता पवित्रा आहे, बी. एस्सी. झालेली, फोन न करणारी. तिनं पहिल्याच फेरीत दोन हजार एकशे चाळीसचं पाणी आणलं, दुसऱ्या फेरीत एक हजारचं. तिसऱ्या फेरीत खाणीत दुसरी टाकी खणायला सुरुवात झालेली दिसली. शिवकुमार तिच्याशी गोड बोलत नाहीत. तिला त्याचं काही वाटत नाही, कारण तिला त्यांचं घर आपलं वाटत नाही.

आणि चार ऋतूंचा अभ्यास कुणाला मिळाला? ऋतुराजच्याच कंपनीला. चूक ज्यानं केली त्याला ती दुरुस्त करण्याचं काम नव्यानं देणं, ही आपल्याकडची जुनी न्यायपद्धत आहे. ऋतुराजनं ह्या वेळी पान एकशे बारा कोरं ठेवलं आणि विठोजीरावांचा जे. पी. नगरचा पत्ता शोधून काढला. त्याला कल्लमीन कधी दिसला नव्हता. जाळं टाकून त्यानं दोनदा प्रयत्न केला होता, पण दगडाला चिकटलेला मासा जाळ्यात येत नाही, आणि हे एम. टेक.ला शिकवत नाहीत. अभ्यासपथकाच्या यादीत विठोजीरावांची नोंद 'स्थानिक अकुशल मजूर, एक' अशी आहे. पदवी नसलेल्यासाठी फॉर्ममध्ये दुसरा रकाना नव्हता.

जूनमध्ये मी पाण्याची बाटली भरायला म्हणून त्यांच्याबरोबर आनेमडूला गेलो. ऋतुराज गुडघाभर पाण्यात उभा होता, हातात पाणी न लागणारी वही. विठोजीराव काठावरच्या खडकावर बसले होते.

"हलू नका," ते म्हणाले. "पाय स्वल्प लांब ठेवा. टाचा उचलू नका."

"काका, गुदगुल्या होतायत."

"होऊ देत. मोजा."

ऋतुराज ओठ हलवत मोजत राहिला. "चौतीस. पस्तीस. थांबा, एक गेला. काका, तुम्ही सांगा ना, तुम्हाला किती दिसतायत?"

"मला विचारून काय उपयोग? माझी मोजणी अग्राह्य आहे." विठोजीराव पाण्याकडे बघत होते. "सरकारचा कागद आहे तसा. तुमची धरतील."

"सदतीस," ऋतुराज म्हणाला आणि लिहू लागला.

विठोजीराव खडकावरून पुढे वाकले.

"डाव्या टाचेमागे चार आहेत," ते म्हणाले. "सदतीस खोडा, आणि परत मोजा."